पहिली ते चौथीचा वर्ग न ओरडता कसा सांभाळावा

लहान मुलांच्या वर्गात गोंधळ बहुतेक वेळा दोन कामांच्या मधल्या मोकळ्या वेळात होतो. परिपाठाहून परतताना, वह्या वाटताना, मधल्या सुट्टीनंतर. तयारी करायची ती या वेळांची.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरचे दोन आठवडे अभ्यासक्रम थोडा मागे राहिला तरी चालेल, पण वर्गात येणं, साहित्य काढणं आणि शांत व्हायची खूण या तीन गोष्टींचा रोज सराव घ्या. खूण एकच ठेवा: शिक्षकांचा हात वर आणि पाचपासून उलटे आकडे. 'एक' येईपर्यंत मुलांचे हात रिकामे, नजर समोर. सगळे शांत झाल्याशिवाय पुढचं वाक्य बोलूच नका. गोंगाटावर आवाज चढवून सूचना दिली की खूण आठवडाभरात निकामी होते. बाई ओरडेपर्यंत बोलायला हरकत नाही, एवढंच मुलं शिकतात.

वह्यांचं उदाहरण घ्या. चाळीस मुलांना एकेक हाक मारून वही दिली तर सहज सात-आठ मिनिटं जातात आणि तेवढा वेळ बाकीचा वर्ग रिकामा बसतो. तपासतानाच रांगेप्रमाणे गठ्ठे लावा, पहिल्या बाकाची वही सगळ्यात वर. गठ्ठा पहिल्या मुलाकडे द्या. तो आपली वही काढून उरलेला मागे सरकवतो. त्याआधी फळ्यावर छोटं काम लिहिलेलं हवं, म्हणजे वही हाती आली की हात लगेच कामाला लागतात.

सुट्टीत खिचडी खाऊन, धावून आलेल्या मुलांना लगेच नवं गणित देऊ नका. पाणी, मग मिनिटभर डोकं बाकावर, मग गोष्टीचं वाचन. "सर, यानं मारलं" ही तक्रार वर्गासमोर चालवू नका. "शाळा सुटताना दोघांचंही ऐकतो" म्हणा आणि खरोखर ऐका. एकदा विसरलात तर उद्या कोणी थांबणार नाही.

सूचना एका वेळी एकच. "वही काढा, तारीख घाला, समास आखा, उदाहरण उतरवा" यातलं पहिलीच्या मुलाला शेवटचं तेवढं आठवतं. नागपुरात कित्येक मुलांच्या घरी हिंदी, छत्तीसगढी किंवा गोंडी बोलतात. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं मूल अनेकदा सूचना समजून घेत असतं. त्याला रागावण्याआधी कृती करून दाखवा.

एखादं मूल काम सोडून बसलं असेल तर जवळ जा, हळू आवाजात नेमकं सांगा, "पेन्सिल घे, पहिलं गणित कर," आणि लगेच पुढे सरका. डोक्यावर उभं राहिलं की चारचौघांत मूल हट्टाला पेटतं. त्यानं काम सुरू केलं की तेही बोलून दाखवा. नुसत्या शाब्बासकीपेक्षा "न सांगता वही काढलीस" हे त्याला जास्त कळतं.

मॉनिटरला बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लावू नका. मित्र सुटतात, वैर वाढतं. खेळाचा तास कापणं तर उलटंच पडतं, कारण ज्यांना धावण्याची सर्वाधिक गरज असते तीच मुलं कोंडली जातात. छडी, उठाबशा, अपमान यांना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार बंदीच आहे. शिवाय धाकानं गप्प बसलेला वर्ग शिक्षक दाराबाहेर गेले की उसळतो.

उन्हाळ्यात सकाळची शाळा असते तेव्हा बरीच मुलं उपाशी येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासाला चिडचिड वाढते. अवघड विषय आधी घ्या, पाण्यासाठी ठरावीक वेळी थांबा.

तरीही एकाच मुलाचा त्रास चालू राहिला तर आठवडाभर वहीत टिपा: वेळ कोणती, विषय कोणता, शेजारी कोण, आधी काय घडलं. दरवेळी फळ्यावरून उतरवतानाच दंगा होत असेल तर आधी त्याला पहिल्या बाकावर आणा आणि पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगा.