बेंड्स टाळायचे कसे, आणि झालेच तर काय करायचं

मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगला इन्स्ट्रक्टरचा हात धरून सहा-सात मीटरवर जरा वेळ मासे बघून आलात तर बेंड्सची, म्हणजे खोलवरून घाईने वर आल्यावर अंगात बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराची, भीती जवळपास नाहीच, तिथे फक्त श्वास रोखून वर येऊ नका, कारण त्याने फुप्फुस दीड-दोन मीटरवरूनही फाटू शकतं. हे जे लिहितोय ते कोर्स करून अंदमानला वगैरे खोल जाणाऱ्यांसाठी.

होतं काय, तर दर 10 मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढत जातो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, मज्जारज्जूत विरघळत राहतो. सावकाश वर आलात तर तो फुप्फुसांतून निघून जातो, घाईने आलात तर गोटी सोडा फोडल्यासारखे अंगात बुडबुडे.

पाण्यात उतरण्याआधी: डाइव्ह शॉपवाल्याला सरळ विचारा, बोटीवर ऑक्सिजन आहे का, किती वेळ पुरेल, जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (बेंड्सच्या पेशंटला परत दाबाखाली ठेवून उपचार करतात ती बंद खोली) कुठे. अंदमानच्या हॅवलॉक बेटावर असाल तर तो पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या हॉस्पिटलात, म्हणजे आधी समुद्र ओलांडायचा. उत्तर देताना समोरचा चाचपडला तर दुसरं दुकान बघा. भरपूर पाणी प्या, आदल्या रात्रीची पार्टी नको.

खाली गेल्यावर: दिवसाची सगळ्यात खोल डाइव्ह पहिली. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात, म्हणजे कुठल्या खोलीवर जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं त्या तक्त्यात, 18 मीटरला 56 मिनिटं आणि 30 मीटरला फक्त 20 मिनिटं मिळतात, पण अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत ताणू नका, कारण तुम्हाला डिहायड्रेशन झालंय की थंडी वाजतेय हे डाइव्ह कॉम्प्युटरला (खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटावरच्या यंत्राला) कळत नाही, आणि साधारण चारातल्या एकाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासून छोटी फट असते, तिच्यातून बुडबुडे थेट धमन्यांत जाऊ शकतात, हे तर बऱ्याच जणांना स्वतःलाही माहीत नसतं. वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबा.

बाहेर आल्यावर: एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान 12 तास, जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर 18, डेको डाइव्ह (वर येताना ठरावीक खोलीवर सक्तीने थांबावं लागतं अशी) असेल तर त्याहूनही बराच जास्त वेळ. विमानाचं सगळ्यांना पाठ असतं, घाटाचं कोणी बोलत नाही! हा नियम साधारण 600 मीटर उंचीपासून पुढे धरतात आणि आंबोली 690 च्या आसपास आहे, म्हणजे कोकणात कोर्सच्या डाइव्ह संपवून संध्याकाळीच गाडी घाटात घालायची हे काही खरं नाही, एक रात्र खालीच काढा.

आता लक्षणं. खांदा, कोपर, गुडघा आतून ठणकणं, अंगावर निळसर-लाल जाळीसारखे चट्टे, मुंग्या, कमालीचा थकवा, चक्कर, पाय लटपटणं, लघवी न होणं. बहुतेकांना सहा तासांच्या आत सुरू होतं. आणि इथेच माणूस सगळ्यात जास्त वेळ घालवतो, टँक उचलला म्हणून खांदा धरला असेल, झोपून उठलो की बरं वाटेल, असं म्हणत. डाइव्हनंतर नवीन काहीही दुखलं तर ते बेंड्सच, डॉक्टर नाही म्हणेपर्यंत.

शंका आली की लगेच आडवं झोपवा, मास्क लावून 100 टक्के ऑक्सिजन द्या, शुद्धीत असेल आणि उलटी होत नसेल तर पाणी द्या. पेनकिलर नको, मालिश नको, दारू तर नाहीच, आणि ‘परत खाली नेऊन आणू’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. 108 लावा, डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची 24 तासांची हेल्पलाइन आहे तिथेही फोन करा. पेशंटबरोबर त्याचा डाइव्ह कॉम्प्युटर पाठवा, बडीलाही (डाइव्हमधल्या जोडीदारालाही) तपासून घ्या. ऑक्सिजनने बरं वाटलं म्हणून हॉस्पिटल टाळू नका, लक्षणं परत येतात. निघण्याआधी चेंबरला फोन मात्र कराच, कारण खासगी हॉस्पिटलांतले बरेच चेंबर जखमा भरण्यासाठी असतात, बेंड्सचा पेशंट घेतीलच असं नाही.

चेंबरमध्ये सहसा 18 मीटर खोलीएवढ्या दाबाखाली ऑक्सिजन देत, मध्ये ब्रेक घेत, पावणेपाच तासांच्या आसपास ठेवतात, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी परत. त्यानंतर विमान कधी आणि पाण्यात कधी, हे त्या चेंबरच्या हायपरबॅरिक डॉक्टरनेच ठरवायचं, ग्रुपमधल्या सीनियर डायव्हरने नाही.