फॉस्फो-ईआरकेचा बँड दगा देतोय? या चुका टाळा

एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला पुण्यातली बरीच मुलं ‘कॅन्सर सिग्नलिंग’वर प्रोजेक्ट घेतात. मार्च उजाडला की तक्रार ठरलेली: वेस्टर्न ब्लॉटवर (पेशीतली प्रोटीनं वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) फॉस्फो-ईआरके, म्हणजे फॉस्फेट लागून चालू झालेलं ईआरके प्रोटीन, कुठेच दिसत नाही, नाहीतर सगळ्याच लेनमध्ये सारखा दिसतो. मग खापर फुटतं अँटीबॉडीवर. तिचा दोष क्वचितच असतो.

ईजीएफ हा वाढीचा घटक पेशीवरच्या ईजीएफआर या रिसेप्टरला चिकटला की आतलं रास हे प्रोटीन जीटीपी हा रेणू पकडून जागं होतं. पुढे राफ, मेक आणि ईआरके ही प्रोटीनं फॉस्फेट लागून चालू होतात, आणि पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. दहा टक्के सीरममध्ये (रक्तातला वाढीचे घटक असलेला द्रव) वाढणाऱ्या पेशींत ही साखळी आधीच चालू असते. म्हणून रात्रभर सीरम काढून ठेवा, मगच ईजीएफ द्या. ईआरके साधारण 5 ते 10 मिनिटांत शिखरावर पोचतं आणि मग उतरू लागतं. ईजीएफ घालून कँटीनला चहाला गेलात की तो क्षण हुकला.

सगळ्यात जास्त घोळ लायसिसमध्ये, म्हणजे पेशी फोडताना, होतो. पेशी फोडली तरी तिच्यातले फॉस्फटेज थांबत नाहीत; तुमच्या ट्यूबमध्येच ते फॉस्फेट काढून टाकतात. त्यामुळे ट्रिप्सिन (पेशी प्लेटवरून सोडवणारं एन्झाइम) लावून वेळ घालवत पेशी गोळा करू नका. थंडगार पीबीएसने (क्षारांच्या बफरने) धुवा, प्लेट बर्फावर ठेवूनच लायसिस बफर घाला आणि खरवडून घ्या. बफरमध्ये सोडियम फ्लुओराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट दोन्ही हवेत: पहिलं सेरीन-थ्रिओनीनवरच्या फॉस्फटेजसाठी, दुसरं टायरोसीनवरच्या. व्हॅनाडेट नुसतं विरघळवून भागत नाही. पीएच 10 ला आणा, पिवळं दिसलं की उकळा, रंग गेला की थंड करून पीएच पुन्हा बघा. पीएच 10 वर स्थिर आणि द्रावण बिनरंगी राहीपर्यंत हेच करत राहा. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. 

ब्लॉकिंगला (ब्लॉटवरच्या रिकाम्या जागा प्रोटीनने झाकायला) दुधाऐवजी बीएसए, म्हणजे गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन, वापरा. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, बॅकग्राउंड वाढू शकतं. आणि टोटल ईआरकेशिवाय (चालू-बंद मिळून सगळं ईआरके) नुसता फॉस्फोचा ब्लॉट गाईडला दाखवूच नका.

कधीकधी चूक नसतेच. ए375 या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या कर्करोगाच्या) पेशींत बीराफचं (राफचा एक प्रकार) व्ही600ई म्युटेशन आहे, त्यामुळे सीरम काढलं तरी ईआरके चालूच राहतं. एमसीएफ-7 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत पीआय3के, म्हणजे वाढीच्या दुसऱ्या वाटेवरचं प्रोटीन, बिघडलेलं आहे. आपल्या पेशींची म्युटेशनं प्रोजेक्ट सुरू करतानाच बघा. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उचलून आणण्यापेक्षा पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशी-भांडारातून घ्या, मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्गही तपासा. एमडीए-एमबी-435 या पेशी-लाइनवर कित्येकांनी स्तनाचा कर्करोग समजून काम केलं. ती निघाली मेलॅनोमाची.

औषध देऊन उलटा निकाल आला तरी लगेच ब्लॉट फेकू नका. रॅपामायसिन या औषधाने एमटॉर हे प्रोटीन दबलं की त्याच्या हाताखालच्या एस6-कायनेजने धरलेला लगाम सुटतो आणि पीआय3केच्या वाटेवरचं एकेटी उलट वाढू शकतं. बीराफ साधा (म्युटेशन नसलेला) असलेल्या पेशींत बीराफ-रोधक व्हेम्युराफेनिब ईआरके वाढवू शकतं. एचटी-29 या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत बीराफ बिघडलेलंच आहे, तरी औषधाने दबलेलं ईआरके ईजीएफआरच्या वाटेने पुन्हा डोकं वर काढतं. याच कारणाने अमेरिकेत 2020 मध्ये अशा रुग्णांसाठी बीराफ-रोधक एन्कोराफेनिब आणि ईजीएफआरविरोधी सेटुक्सिमॅब ही जोडी मंजूर झाली. तेव्हा एका तासाच्या सॅम्पलवर थांबू नका, 24 तासांचंही घ्या.