एका दिवसात जुने अवशेष बघायचे तर

कॉलेजात असताना पहिल्या सहलीला मी चार ठिकाणं ठरवली. त्यातली दोन बसच्या खिडकीतूनच गेली. आता दोनच ठरवते, आणि परतीची शेवटची गाडी कितीची ते आधी वहीत लिहून घेते.

लांबचं ठिकाण सकाळी उरकायचं. गर्दीसाठी नाही, उन्हासाठी. सूर्य खाली असला की किरणं भिंतीवर तिरकी पडतात आणि झिजलेली अक्षरंसुद्धा सावलीमुळे उठून दिसतात. भर दुपारी तीच भिंत सपाट! आत अंधार असेल तर टॉर्च समोरून मारू नका, भिंतीला लगटून आडवी धरा. मी तशी धरली तेव्हा कुठे छिन्नीचे तिरके घाव दिसले, एकाशेजारी एक. हात मात्र लावायचा नाही, कातडीचं तेल दगडावर राहतं. रंगवलेल्या भिंतीपाशी फ्लॅश बंद.

थोडं वाचून जा. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, हे माहीत असलं की नजर आधी कळसाकडे जाते.

शेतांमधला रस्ता झोपेत घालवू नका, शेवटचा टप्पा चालत जा. ओळखपत्र वरच्या कप्प्यात ठेवा. तिकिटाच्या खिडकीशी अख्खी सॅक उपसणारी मीच असायचे.