वाळूविना रीफ टाकी: या चुका टाळा

रीफ टाकीच्या, म्हणजे समुद्री पाण्यात प्रवाळ वाढवण्याच्या टाकीच्या, तळाशी वाळू न घालण्याचा निर्णय बहुतेक जण स्वच्छतेच्या ओढीने घेतात. वाळूत गाळ अडकू नये, जोरदार प्रवाहाने कण उडू नयेत आणि टाकीची निगा सोपी व्हावी, अशा तीन अपेक्षा त्यामागे असतात. पहिल्या दोन पूर्ण होतात. तिसरी मात्र होत नाही, आणि उघड्या तळाच्या टाकीत घडणाऱ्या बऱ्याचशा चुका तिच्यातूनच उद्भवतात. वाळूच्या कणांवर अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू राहतात, तिच्या खोल, प्राणवायूविरहित थरात नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार होऊन बाहेर पडतो, तिच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून राहते आणि असंख्य सूक्ष्म प्राणी तिच्यात आसरा घेतात. वाळू नसली, तरी ही कामे कोणीतरी करावीच लागतात. ती कोणाकडे सोपवायची, हे टाकी उभारण्यापूर्वी ठरवले नाही, तर त्याची किंमत पुढे प्रवाळांना मोजावी लागते.

ही पद्धत नवी नाही. युरोपात रूढ झालेल्या बर्लिन पद्धतीत सगळी भिस्त भरपूर लाइव्ह रॉक (जिवाणू आणि सूक्ष्म जीव वसलेले सच्छिद्र दगड) आणि ताकदवान प्रोटीन स्किमर (फेसाच्या साह्याने पाण्यातील घाण काढणारे यंत्र) यांच्यावर असे. वाळूच्या थराला तिथे महत्त्व नव्हते. याउलट मोनॅकोत ज्याँ जोबेर यांनी विकसित केलेल्या पद्धतीत वाळूच्या थराखाली पाण्याची मोकळी जागा ठेवून नायट्रेट कमी करण्याचे काम वाळूकडेच दिलेले होते. दोन्ही पद्धतींनी प्रवाळ उत्तम वाढवता येतात. मात्र वाळू नाही आणि तिच्या जागी पुरेसा रॉक, स्किमर किंवा प्रवाहही नाही, अशी अर्धवट टाकी फार काळ तग धरत नाही.

प्रवाहाचा आकडा आणि प्रत्यक्ष प्रवाह

वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खोक्यावरील आकडा पाहून समाधान मानणे ही पहिली मोठी चूक आहे. कठीण प्रवाळांच्या उघड्या तळाच्या टाकीत एका तासात टाकीतील पाण्याच्या 30 ते 40 पट किंवा त्याहून अधिक पाणी फिरवले जाते. म्हणजे 200 लिटरच्या टाकीत ताशी 6,000 ते 8,000 लिटर. परंतु एवढे पाणी वरच्या वरच फिरत असेल आणि रॉकच्या पाठीमागचा कोपरा निपचित पडला असेल, तर गाळ नेमका त्याच कोपऱ्यात जमतो. वाळू असताना हा गाळ कणांमध्ये झिरपून दिसेनासा होतो. काचेवर तो दुसऱ्या दिवशीच राखाडी ढिगाच्या रूपाने दिसतो. उघड्या तळाची खरी सोय हीच आहे, कारण चूक लपून राहत नाही आणि ढीग दिसला की त्याचे कारणही लगेच शोधता येते.

त्यासाठी एक साधी चाचणी आहे. सर्व पंप नेहमीप्रमाणे चालू ठेवून बारीक खाद्याची चिमूट पाण्यात सोडावी आणि कण कुठे स्थिरावतात ते पाहून काचेवर बाहेरून खूण करावी. हीच चाचणी रात्री पुन्हा करावी, कारण पुष्कळ नियंत्रकांत रात्रीसाठी मंद प्रवाहाची सोय असते आणि दिवसभर तरंगत राहिलेला गाळ नेमका त्या आठ-दहा तासांत तळाशी बसतो. खुणा एकाच ठिकाणी येत असतील, तर अधिक शक्तीचा पंप विकत घेण्यापूर्वी आहे त्या पंपाची जागा बदलून पाहावी. एक पंप खालच्या बाजूस, रॉकच्या मागून तळाला समांतर वाहील असा लावल्यास बहुतेक वेळा काम भागते.

प्रवाह वाढवण्याच्या भरात युफिलिया किंवा अकांथोफिलियासारखे मांसल प्रवाळ थेट झोतासमोर येऊ देऊ नयेत. सतत एकाच दिशेने आदळणाऱ्या पाण्यामुळे त्यांची ऊती सांगाड्यावरून सुटू लागते. अशा प्रवाळांना रॉकच्या आडोशाला जागा द्यावी आणि प्रवाहाची दिशा ठरावीक वेळाने बदलत ठेवावी.

तळावरून उठलेला गाळ जातो कुठे?

काचेवरून उठवलेला गाळ टाकीबाहेर पडला नाही, तर सगळी मेहनत व्यर्थ जाते. तो बाहेर पडण्याची वाट म्हणजे ओव्हरफ्लो (टाकीतील पाणी खाली सांडण्याची जागा), फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) आणि स्किमर. 200 मायक्रॉनचा सॉक तीन-चार दिवसांनी बदलावाच लागतो. आठवडाभर तसाच राहिलेला सॉक गाळ धरून तर ठेवतो, पण तो गाळ त्याच पाण्यात कुजत राहतो आणि नायट्रेट वाढतच जाते. सम्पच्या, म्हणजे मुख्य टाकीच्या खालच्या जोडटाकीच्या, तळाची अवस्था याहून वाईट असते. मुख्य टाकी आरशासारखी स्वच्छ आणि सम्पमध्ये दोन बोटे जाड चिखल, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की नायट्रेट का उतरत नाही असे कोणी विचारले, तर मी आधी सम्पचे झाकण उघडायला सांगतो.

पाणी बदलण्याच्या दिवशी क्रम चुकवू नये. आधी बास्टरने (रबरी फुग्याच्या पिचकारीने) किंवा लहान पंपाने रॉकच्या भेगांमध्ये पाण्याचा फवारा मारून गाळ उठवावा, स्किमर आणि सॉक यांना काही मिनिटे काम करू द्यावे, आणि मग तळाशी बसलेला भाग नळीने ओढून घ्यावा. उलट क्रमाने केल्यास नुकताच स्वच्छ केलेला तळ तासाभरात पुन्हा भरतो.

रॉक, काच आणि त्यांच्यामधले अस्तर

रॉक काचेवर ठेवताना घाई करू नये. टोकदार दगडाचा सगळा भार एका बिंदूवर आला किंवा एखादा गोगलगाय-खेकड्याच्या हालचालीने दगड घसरून पडला, तर तळ तडकू शकतो. दगड तीन रुंद ठिकाणी टेकेल असा बसवावा, एकमेकांवरील दगड इपॉक्सी पुट्टीने किंवा ॲक्रिलिकच्या दांड्यांनी जखडावेत, आणि रचना तळापासून थोडी उचललेली असावी, म्हणजे तिच्याखालून पाणी वाहू शकते. संपूर्ण रचना तळावर सपाट बसवली, तर तिच्याखाली गाळाचे असे कोठार तयार होते की तिथे नळीही पोहोचत नाही.

काचेच्या रक्षणासाठी अस्तर घालणाऱ्यांची चूक बहुधा साहित्याच्या निवडीत होते. दिव्यांसाठी वापरली जाणारी चौकटी-चौकटींची प्लास्टिक जाळी रॉकचा भार छान विभागते, पण तिच्या प्रत्येक चौकटीत गाळाचा एक ठोकळा तयार होतो. पॉलिइथिलीनचे पांढरे पत्रे, म्हणजे भाजी कापण्याच्या फळ्यांचेच साहित्य, समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असतात. रॉकखाली दाबले नाहीत तर ते वर येतात, आणि सिलिकॉन त्यांना नीट चिकटत नाही. ॲक्रिलिक किंवा घन पीव्हीसीचा पत्रा पाण्यात बुडतो, त्यामुळे तो अधिक सोयीचा. कोणताही पत्रा घातला तरी त्याच्या कडा चारही बाजूंनी बंद कराव्यात, अन्यथा त्याच्याखाली गाळ शिरतो आणि तिथे तो दिसतही नाही.

सुरुवातीच्या महिन्यांत उघडी काच चकाकते व काही माशांना स्वतःचे प्रतिबिंब शत्रूसारखे भासते. कोरलाइन शैवाल (कडक, गुलाबी-जांभळा थर धरणारे शैवाल) तळ व्यापू लागले की हा त्रास आपोआप कमी होतो. तोवर ते खरवडून काढण्याचा उत्साह आवरावा.

अति स्वच्छतेचा आजार

उघड्या तळाच्या टाकीतील सर्वांत अवघड समस्या घाणीतून येत नाही, ती रिकाम्या पाण्यातून येते. नवा कोरडा रॉक, मोठा स्किमर, दर आठवड्याला पाणी बदलणे, त्यावर लोहयुक्त फॉस्फेट शोषक आणि जिवाणूंसाठी कार्बनची मात्रा, हे सगळे एकदम सुरू केले की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर येतात. कोरडा रॉक स्वतःही सुरुवातीला पाण्यातील फॉस्फेट शोषून घेतो, ही गोष्ट फार कमी जणांच्या ध्यानात येते. मालक चाचणीतील शून्य पाहून सुखावतो आणि दोन-तीन आठवड्यांत रॉकवर तपकिरी, चिकट, हवेचे बुडबुडे अडकलेले तंतू लोंबू लागतात.

हे बहुधा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, असतात. मालकाला ती घाण वाटते. तो आणखी पाणी बदलतो, आणखी खरवडतो, आणि त्यामुळे त्यांचीच चलती होते, कारण पोषकद्रव्यांच्या टंचाईत त्यांच्याशी स्पर्धा करणारे शैवाल आणि जिवाणू मागे पडलेले असतात. ओळख पटवण्यासाठी त्या तंतूंचा थोडा नमुना टाकीच्याच पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवावा, कागदी गाळणीतून गाळावा आणि खाली उतरलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. त्या पाण्यात पुन्हा तंतू जुळून आले, तर डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता मोठी आहे. सूक्ष्मदर्शक मिळाल्यास अधिक चांगले, कारण उपाय प्रकारावर अवलंबून असतो. ऑस्ट्रिऑप्सिस हा प्रकार रात्री पाण्यात तरंगू लागतो, म्हणून योग्य क्षमतेचा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा त्याच्यावर परिणामकारक ठरतो. ॲम्फिडिनियम वाळूत राहणारा असल्याने त्याच्यावर यूव्हीचा फारसा उपयोग होत नाही, मात्र उघड्या तळाच्या टाकीत तो तुलनेने कमी त्रास देतो. गोगलगाई एकामागून एक मरू लागल्या, तर ऑस्ट्रिऑप्सिसचा संशय घ्यावा, कारण त्याच्यात विषारी द्रव्ये असतात.

उपायाची पहिली पायरी म्हणजे पोषकद्रव्ये काढण्याची साधने बंद करणे. फॉस्फेट शोषक आणि कार्बनची मात्रा थांबवावी, पाणी बदलणे काही काळ लांबणीवर टाकावे, खाद्य थोडे वाढवावे, आणि तरीही आकडे वर येत नसतील तर नायट्रेट व फॉस्फेट यांची मोजून मात्रा द्यावी. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएम यांच्या दरम्यान स्थिर राहिले पाहिजे. रॉक अजून फॉस्फेट शोषत असल्याने दिलेली मात्रा दुसऱ्या दिवशी नाहीशी झालेली आढळते. त्यामुळे घाबरून दुप्पट मात्रा न देता रोज मोजून थोडे थोडे द्यावे. सोबत जुन्या, निरोगी टाकीतील लाइव्ह रॉकचा एखादा तुकडा आणला, तर वाळूअभावी कमी पडलेली जैवविविधता भरून निघण्यास मदत होते. तो आणताना त्याच्यासोबत कीड येत नाही ना, हे मात्र पाहावे.

याच रिकाम्या पाण्याचे दुसरे लक्षण ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण प्रवाळावर दिसते. पोषकद्रव्ये जवळजवळ शून्य आणि अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण, डीकेएच हे तिचे एकक) 10 ते 11 डीकेएच असली, की फांद्यांची टोके पांढरी पडून जळल्यासारखी दिसू लागतात. अशा पाण्यात अल्कलिनिटी 7.5 ते 8.5 डीकेएचच्या आसपास आणि एका पातळीवर ठेवावी. वाळू नसल्यामुळे अल्कलिनिटी घसरते, अशी समजूत ऐकू येते. ती बाजूला ठेवावी. ॲरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, वाळू टाकीच्या नेहमीच्या पीएचला इतकी कमी विरघळते की प्रवाळांची रोजची गरज तिने कधीच भागत नसते. मात्रा द्यावी लागते ती दोन्ही प्रकारच्या टाक्यांत.

ज्यांना वाळू हवीच असते

काही जीवांसाठी वाळू हे घर असते, आणि त्यांना काचेवर सोडणे ही क्रूर चूक आहे. हॅलिकोअरिस, ॲनाम्प्सिस आणि लेपर्ड हे रॅस मासे रात्री व भीतीच्या वेळी वाळूत शिरतात. वाळू नसल्यास ते काचेवर तोंड आपटून जखमी होतात. वाळू चाळून खाणारे गोबी, जॉफिश, गार्डन ईल, वाळूतील तारामासे आणि नॅसेरियस गोगलगाई यांचेही तसेच. फेअरी आणि फ्लॅशर रॅस मात्र रॉकच्या कपारीत झोपतात, म्हणून ते चालतात. हॅडोनी कार्पेट किंवा लाँग टेंटॅकल जातीची ॲनिमोनी पाय वाळूत रोवते. बबल टिप ॲनिमोनीला रॉकची भेग पुरते. गोगलगाईंपैकी ॲस्ट्रिया उलटी पडली की तिला सपाट काचेवर सरळ होणे कठीण जाते, ट्रोकस मात्र स्वतःच सरळ होते. मँडरिन मासा ठेवायचा असेल, तर त्याचे खाद्य असलेल्या कोपेपॉड या सूक्ष्म प्राण्यांसाठी रेफ्युजियम (त्यांना सुरक्षित वाढता येईल असा वेगळा कप्पा) असल्याशिवाय तो आणूच नये.

फंगिया किंवा ट्रॅकिफिलिया हे वाळूवर राहणारे प्रवाळ ठेवायचेच असतील, तर कमी प्रवाहाच्या जागी जाडसर वाळू भरलेली उथळ थाळी ठेवता येते. ती अधूनमधून बाहेर काढून धुणे सोपे असते.

जुन्या टाकीतून वाळू काढताना

चालू टाकीतील वाळू एका दुपारी उपसून काढणे ही या सर्व चुकांतील सर्वांत घातक आहे. वर्षानुवर्षे साठलेला गाळ एकदम पाण्यात मिसळतो, अमोनिया वाढतो, आणि खोल काळ्या थरातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. वाळू न ढवळता, पाणी बदलताना रुंद नळीने एक-चतुर्थांश भाग ओढून घ्यावा, दोन आठवडे थांबावे, अमोनिया मोजावा आणि मगच पुढचा भाग घ्यावा. या काळात खाद्य कमी ठेवावे, कारण वाळूसोबत जिवाणूंची मोठी वस्तीही निघून जात असते. थर 10 सेंटिमीटरहून जाड आणि जुना असेल, तर सर्व जीव हीटर व पंप लावलेल्या वेगळ्या टबात, टाकीच्याच पाण्यात हलवून काम उरकणे अधिक सुरक्षित. रॉकचे पाय वाळूत रुतलेले असतील, तर आधी त्यांना आधार द्यावा, नाहीतर वाळू निघताच रचना कोसळते.

एक बाब जवळजवळ सर्वांच्या नजरेतून सुटते. 120 बाय 60 सेंटिमीटर तळावरील 5 सेंटिमीटर वाळूचे आकारमान 36 लिटर भरते, आणि कणांमधील मोकळी जागा वजा केली तरी ती सुमारे 20 लिटर पाण्याची जागा व्यापून असते. वाळू गेल्यावर पातळी तेवढी खाली येते. स्वयंचलित टॉप-अप (बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरणारी यंत्रणा) चालू राहिला, तर ती तूट तो गोड्या पाण्याने भरून काढतो, आणि सुमारे 430 लिटरच्या टाकीत क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, 35 वरून 33.4 पीपीटीच्या (हजार भागांत इतके भाग) आसपास उतरते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी टॉप-अप बंद करावा, समान क्षारतेचे व तापमानाचे खारे पाणी तयार ठेवावे, पातळी त्यानेच पूर्ववत करावी, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता तपासल्यानंतरच टॉप-अप पुन्हा सुरू करावा.