चॅटवरची ओळख आणि पैशांची पहिली मागणी

‘हॅलो, आपण मीनलताई का? उद्याच्या कार्यक्रमाबद्दल विचारायचे होते,’ असा अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो. आपण ‘चुकीचा नंबर’ असे कळवतो, समोरून नम्रपणे माफी मागितली जाते आणि दोन दिवसांनी ‘जेवण झाले का?’ अशी विचारपूस सुरू होते. पुनर्विवाहासाठी विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर नाव नोंदवलेल्यांची सुरुवात थोडी वेगळी असते, कारण तिथे बहुधा लंडनमधला विधुर डॉक्टर किंवा जहाजावरचा इंजिनिअर भेटतो. फसणारी माणसे भोळी किंवा लोभी असतात हा समज मला पटत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ कुणी आपली चौकशी करावी, ही एकट्या माणसाची गरज फसवणारे नेमकी हेरतात.

ओळख खरी की खोटी हे बोलण्यावरून ठरवत बसू नये. प्रोफाइलमधले छायाचित्र गूगल लेन्सवर, म्हणजे छायाचित्रावरून इंटरनेटवर शोध घेणाऱ्या सोयीवर, टाकून पाहावे. तेच छायाचित्र दुसऱ्या नावाने आढळले तर विषय तिथेच संपला. मात्र काहीच आढळले नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही. व्हिडिओ कॉलवरचा चेहराही आता बदलता येतो, त्यामुळे घरातल्या कुणाला सोबत घेऊन गर्दीच्या ठिकाणी प्रत्यक्ष भेटणे हीच त्यातल्या त्यात भरवशाची खात्री. विवाहाच्या संकेतस्थळावरून लगेच व्हॉट्सअॅपवर येण्याचा आग्रह झाला तर तो मान्य करू नये, कारण संकेतस्थळावरच्या संभाषणाबद्दल तिथे तक्रार करता येते आणि खाते बंद करवता येते.

भेटवस्तूच्या पार्सलचा डाव अजूनही चालतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. आधी सोन्याचे घड्याळ, पर्स आणि पाकिटात ठेवलेले पौंड यांचा फोटो येतो आणि पाठोपाठ कुरिअरची पावती. मग ‘दिल्ली विमानतळ, कस्टम्स’ म्हणून एका बाईंचा फोन येतो की पार्सल अडकले आहे, ३५ हजार रुपये भरा. ते भरले की पार्सलमध्ये परकीय चलन सापडल्याचे सांगून त्याच्या प्रमाणपत्रासाठी लाख-दीड लाख मागितले जातात आणि नकार दिल्यास अटकेची भीती घातली जाते. सीमाशुल्क सरकारजमा होते. ते कुणाच्या वैयक्तिक बचत खात्यात भरायला सांगितले जात नाही. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते, तिथे क्षणभर थांबून ते वाचावे. विमानतळावरच्या कार्यालयाऐवजी कुणा भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले, तर ते बहुधा टोळीने कमिशन देऊन वापरायला घेतलेले दुसऱ्याचे खाते असते.

गुंतवणुकीचा डाव सावकाश रंगतो. समोरची व्यक्ती स्वतःच्या नफ्याचे आकडे दाखवते, एक अॅप घ्यायला सांगते आणि सुरुवातीला दोन-तीन हजार रुपये खरोखर काढूही देते. विश्वास बसला की मोठी रक्कम घातली जाते आणि ती काढायला गेल्यावर ‘आधी कर भरा’ असे उत्तर मिळते. असे सांगितले गेले की आणखी एक रुपयाही घालू नये. मैत्री क्लबच्या जाहिरातींबद्दल फार लिहायला नको: सभासद शुल्क, पडताळणी शुल्क, हॉटेलचे आगाऊ पैसे, आणि भेट कधीच नाही.

अनोळखी व्हिडिओ कॉल घेतला, समोर विवस्त्र बाई दिसली आणि आपला चेहरा रेकॉर्ड करून तो व्हिडिओ पसरवण्याची धमकी आली, तरी पैसे देऊ नयेत, कारण पहिल्या रकमेनंतर मागणी वाढतच जाते. पुढे ‘पोलीस अधिकारी’ किंवा यूट्यूबवरून व्हिडिओ काढून देणारा म्हणून ज्याचा फोन येतो, तोही त्याच टोळीतला असतो. क्रमांक आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट घेऊन मगच तो ब्लॉक करावा, फेसबुक व इन्स्टाग्रामवरची मित्रयादी लपवावी आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगावे. लाजेने चॅट पुसून टाकणे ही नेहमीची चूक. त्याबरोबर पुरावाही जातो.

पैसे गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० वर फोन करावा, कारण रक्कम लगेच पुढच्या खात्यांत वळवली जाते आणि ती गोठवता आली तर सुरुवातीच्या काळातच येते. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळखक्रमांक), वेळ आणि रक्कम समोर असावी. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा पोचक्रमांक जपावा आणि बँकेलाही लेखी कळवावे. पिन आपणच टाकलेला असल्याने बँक भरपाई देईल हे गृहीत धरू नये. यानंतर काही आठवड्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, फक्त फाइलचा खर्च द्या’ असा फोन येण्याची शक्यता असते. तो क्रमांकही त्याच तक्रारीत जोडावा.