लिंक दाबली की फॉर्म सबमिट व्हायला पाहिजे? मग असं करा

समजा तुम्ही सोलापुरात चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानासाठी चादरींच्या ऑर्डरचं पेज बनवताय आणि मालक म्हणतात, "ते बटन नको हो, साधी निळी लिंक ठेवा, दाबली की ऑर्डर आली पाहिजे." मागणी काही अवघड नाही, पण इथंच बरेच जण सगळी माहिती लिंकच्या पत्त्यात कोंबून मोकळे होतात. तसं करू नका.

साधी लिंक दाबली की ब्राउझर गेट रिक्वेस्टच पाठवतो. गेट म्हणजे नुसतं "दाखव". डबल बेडच्या चादरी शोधायच्यात, भावाप्रमाणे लावायच्यात, तिथं गेट एकदम बरोबर. पण ऑर्डर टाकणं, रद्द करणं, पत्ता बदलणं, म्हणजे सर्व्हरवर काहीतरी बदलणार असेल तर पोस्टच (म्हणजे "हे घे आणि बदल कर" अशी रिक्वेस्ट) पाहिजे, कारण लिंक उघडणारा दरवेळी माणूसच असतो असं नाही. २००५ मध्ये गूगलचं वेब अ‍ॅक्सिलरेटर आलं होतं, पेज पटकन उघडावं म्हणून ते लिंका आधीच आणून ठेवायचं, आणि जिथं डिलीटला साधी लिंक होती तिथं लोकांचा डेटा आपोआप उडायला लागला. आजचं बघायचं तर व्हॉट्सअ‍ॅप प्रीव्ह्यू दाखवायला लिंक आधी उघडून बघतं, म्हणजे "ऑर्डर रद्द करा" ही लिंक तुम्ही गिऱ्हाइकाला पाठवायच्या आधीच ऑर्डर रद्द! अशी लिंक पाठवायचीच असेल तर ती उघडल्यावर फक्त "होय, रद्द करा" असं बटन दिसू द्या, आणि ते बटन पोस्ट करू द्या.

आता करायचं कसं. फॉर्मची मेथड पोस्ट ठेवा, अ‍ॅक्शनमध्ये सर्व्हरचा पत्ता द्या, आत टाइप सबमिट असलेलं बटन टाका आणि सीएसएसनं त्याची बॉर्डर आणि बॅकग्राउंड काढून रंग निळा करा, खाली अंडरलाइन द्या. झाली लिंक. जावास्क्रिप्ट लागत नाही, कीबोर्डवरून पण चालतं. खरी लिंकच पाहिजे असा हट्ट असेल तर क्लिकवर तिचं नेहमीचं काम थांबवून जावास्क्रिप्टमधून फॉर्मवर रिक्वेस्ट-सबमिट (requestSubmit) बोलवा. नुसतं सबमिट (submit) बोलवलं तर रिक्वायर्ड (भरायलाच हवं) वगैरे तपासणी होतच नाही आणि रिकामा फॉर्म निघून जातो.

प्रत्येक इनपुटला नेम द्या, नुसत्या आयडीवर सर्व्हरला काही मिळत नाही. टिक न केलेला चेकबॉक्स पाठवलाच जात नाही, म्हणून सर्व्हरवर "आलाय का" हे आधी बघायचं.

सर्व्हरवर पहिलं काम म्हणजे मेथड तपासा, पोस्ट नसेल तर ४०५ ("ही मेथड चालत नाही" असा कोड) देऊन परत पाठवा. मग सीएसआरएफ टोकन (फॉर्ममध्ये लपवून ठेवलेला गुप्त कोड) सेशनमधल्याशी जुळवा, नाहीतर दुसऱ्याच साइटवरचा फॉर्म तुमच्या गिऱ्हाइकाच्या नावानं ऑर्डर टाकेल. मग नग, पिनकोड, मोबाइल सगळं परत तपासा, ब्राउझरनं तपासलं असलं तरी. आणि भाव? तो हिडन फील्डमधून कधीच घेऊ नका, इन्स्पेक्ट उघडून कुणीपण हजाराची चादर एक रुपयाला करतो, भाव डेटाबेसमधूनच काढा.

गेटमध्ये मराठी शब्द टाकला की पत्ता लांबच लांब होतो, नुसतं "सोलापूर" ६३ अक्षरांचं होतं कारण आपल्या एकेका अक्षराचे, मात्रेचे तीन-तीन बाइट, आणि पत्त्यात एकेक बाइट %E0 असा तीन अक्षरांत लिहिला जातो. घाबरू नका, सर्व्हर ते परत नीट उलगडतो.

ऑर्डर सेव्ह झाली की तिथंच "धन्यवाद" छापत बसू नका, ३०३ ("आता त्या पत्त्यावर जा" असा कोड) देऊन वेगळ्या पेजवर पाठवा, नाहीतर गिऱ्हाइकानं रिफ्रेश केलं की तीच ऑर्डर दुसऱ्यांदा येते. चेक करायला डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा आणि लिंक दाबा, आधी पोस्ट, त्याला ३०३, मग गेट आणि २०० (सगळं ठीक) अशी रांग दिसली की काम झालं.