वेब ॲपचे यूआरएल स्वच्छ कसे करावेत

`इंडेक्स.पीएचपी?पेज=लेख&आयडी=४२` हा पत्ता सर्व्हरला कळतो, पण तो वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याच पानाचा पत्ता `/लेख/डेटाबेस-बॅकअप` असेल, तर लिंक उघडण्याआधीच आत काय आहे ते समजते. शिवाय पहिल्या पत्त्यात ॲप कोणत्या भाषेत लिहिले आहे तेही उघड होते. उद्या ती भाषा बदलली की सगळ्या जुन्या लिंक तुटतात. म्हणून पत्त्यात फक्त मजकुराची ओळख असावी, तो कोणत्या तंत्राने तयार होतो याची खूणही नसावी. पुढची सगळी मांडणी याच नियमावर उभी आहे.

(इथले नमुना पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. कोडमध्ये ते रोमन अक्षरांतच लिहा. कारण पुढे येईलच.)

आधी पत्त्यांचा आराखडा

कोडला हात लावण्यापूर्वी ॲपमधल्या सगळ्या पानांचे पत्ते एका कागदावर लिहून काढा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण इथे घाई केली की पुढे वर्षानुवर्षे ती निस्तरावी लागते.

पत्त्यात नाम ठेवा, क्रियापद नको. `/लेख/४२` बरोबर, `/लेख-दाखवा/४२` नको. पाहणे, बदलणे, काढून टाकणे यांतला फरक गेट, पोस्ट, पुट, डिलीट या एचटीटीपी पद्धती सांगतात. गाळणी, क्रमवारी, पान क्रमांक या गोष्टी मात्र प्रश्नचिन्हानंतरच शोभतात: `/लेख?क्रम=नवे&पान=३`. स्वच्छ पत्ता हवा म्हणून त्यांनाही तिरप्या रेघांमध्ये कोंबू नका, नाहीतर एकाच यादीचे शेकडो पत्ते तयार होतात.

रोमन अक्षरे सगळी लहान लिपीत ठेवा. डोमेनच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही, पण त्यापुढच्या मार्गात धरला जातो. शब्द जोडायला हायफन वापरा. शेवटी तिरपी रेघ ठेवायची की नाही, हेही आत्ताच ठरवा. कोणताही पर्याय चालेल, पण सगळीकडे एकच. `/लेख` आणि `/लेख/` हे ब्राउझरच्या आणि सर्च इंजिनच्या लेखी दोन वेगळे पत्ते आहेत.

सर्व्हरला सांगा: सगळे एकाच दारातून

जँगो, रेल्स किंवा एक्सप्रेस या फ्रेमवर्कमध्ये (ॲप बांधण्याच्या तयार सांगाड्यात) लिहिलेले ॲप बहुधा स्वतःच्या प्रक्रियेत चालते आणि पुढचा सर्व्हर विनंत्या त्याच्याकडे ढकलतो. तिथे या टप्प्यात फारसे काही करायचे नसते. पीएचपीच्या ॲपमध्ये मात्र खरी मेहनत इथेच असते, कारण `/लेख/४२` नावाची फाइल डिस्कवर नसते आणि सर्व्हर ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’ हा कोड देऊन मोकळा होतो.

अपाची या वेब सर्व्हरमध्ये पत्ते वळवणारे मॉड-रीराइट हे मॉड्यूल चालू करा आणि प्रकल्पाच्या मुळाशी एचटीॲक्सेस ही त्या फोल्डरपुरत्या सूचनांची फाइल ठेवा. त्या फाइलमध्ये आधी रीराइट इंजिन चालू करायचे, मग दोन अटी घालायच्या: मागितलेली गोष्ट खरी फाइल नसावी आणि खरे फोल्डरही नसावे. दोन्ही अटी जुळल्या तर विनंती इंडेक्स फाइलकडे वळवायची. या अटी विसरलात तर चित्रे आणि स्टाइलशीटसुद्धा ॲपच्या गळ्यात पडतात.

नियम बरोबर असूनही काहीच घडत नसेल, तर अलाउ-ओव्हरराइड ही सेटिंग तपासा. अपाची २.४ मध्ये त्याचे मूळ मूल्य ‘नन’ असते, म्हणजे एचटीॲक्सेस फाइल वाचलीच जात नाही. मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये त्या फोल्डरपुरती परवानगी द्यावी लागते.

एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर एचटीॲक्सेस मुळीच वाचत नाही. तिथे लोकेशनच्या कंसात ट्राय-फाइल्सची एक ओळ पुरते: आधी फाइल शोध, मग फोल्डर शोध, नाहीच सापडले तर इंडेक्स फाइलकडे जा. त्या शेवटच्या भागाला क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) जोडायला विसरू नका, नाहीतर वरचे `क्रम` आणि `पान` वाटेतच गळून पडतात.

राउट लिहिताना क्रम सांभाळा

राउटरचे काम सोपे आहे. पत्त्याचा साचा आणि तो हाताळणारे फंक्शन यांची जोडी लावायची. जँगोमध्ये बदलत्या भागाला कोनी कंस, लाराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये महिरपी कंस, रेल्स आणि एक्सप्रेसमध्ये आधी कोलन, एवढाच लिहिण्यातला फरक.

अडचण येते ती क्रमात. समजा `/लेख/:स्लग` (स्लग म्हणजे शीर्षकावरून बनवलेला पत्त्यातला तुकडा) हा राउट, म्हणजे अशी एक जोडी, आधी लिहिला आणि `/लेख/नवा` नंतर. नवा लेख लिहिण्याचे पान उघडायला जाल, तर ‘नवा’ नावाचा लेख शोधला जाईल आणि ४०४ मिळेल. जँगो, रेल्स, लाराव्हेल, एक्सप्रेस या सगळ्यांत वरून खाली पाहिले जाते आणि पहिला जुळणारा राउट जिंकतो. म्हणून ठरावीक शब्दांचे राउट वर, बदलत्या भागाचे खाली आणि ‘काहीही चालेल’ असा राउट सगळ्यांत शेवटी. फ्लास्क हे फ्रेमवर्क नेमकेपणानुसार स्वतः वजन ठरवते, पण तिथेही याच क्रमाने लिहिलेले वाचायला सोपे पडते.

बदलत्या भागावर प्रकाराचे बंधनही घाला. आकडाच हवा असेल तर तसे राउटमध्येच सांगा, म्हणजे भलतेसलते शब्द डेटाबेसपर्यंत पोहोचणारच नाहीत.

यानंतर प्रत्येक राउटला नाव द्या आणि टेम्प्लेटमध्ये पत्ता हाताने लिहिणे कायमचे बंद करा. जँगोचे रिव्हर्स, फ्लास्कचे यूआरएल-फॉर, लाराव्हेलचे राउट हे फंक्शन नावावरून पत्ता बांधून देते. या सगळ्या खटाटोपातली एकच सवय लावून घ्यायची असेल, तर मी हीच निवडेन. आराखडा बदलला तरी एका फाइलमधली एक ओळ बदलून काम भागते.

स्लग

शीर्षकावरून स्लग बनवताना देवनागरी मजकूर रोमनमध्ये उतरवून घ्या. आधुनिक ब्राउझर देवनागरी पत्ता नीट दाखवतात, पण तो कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बहुतेक वेळा त्याचे टक्केचिन्हांचे कडबोळे होते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे एवढ्याशा शब्दाची ४५ अक्षरे होतात. आख्ख्या शीर्षकाचे काय होईल याचा अंदाज करा.

दोन लेखांचे शीर्षक सारखे असू शकते, म्हणून डेटाबेसमध्ये स्लगच्या रकान्यावर युनिक (एकच मूल्य दोनदा नको) असे बंधन हवे. किंवा `/लेख/४२-डेटाबेस-बॅकअप` असा मिश्र पत्ता ठेवा. शोध आकड्यावरून घ्यायचा, शब्द वाचणाऱ्यासाठी. शीर्षक बदलले तरी जुनी लिंक चालू राहते. मोठ्या साइटसाठी मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

पान उघडते, पण सजावट गायब

राउटिंग बसवल्यावर हमखास दिसणारा प्रकार. स्टाइलशीटची लिंक `सीएसएस/स्टाइल.सीएसएस` अशी सापेक्ष लिहिलेली असते. मुखपृष्ठावर ती चालते, पण `/लेख/४२` वर ब्राउझर ती `/लेख/सीएसएस/` मध्ये शोधतो. तिथे फाइल नसते, म्हणून विनंती इंडेक्सकडे वळते आणि स्टाइलऐवजी एचटीएमएल परत येते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये माइम टाइपची (फाइलच्या प्रकाराची) तक्रार दिसली, तर कारण बहुधा हेच. सुरुवातीला तिरपी रेघ द्या किंवा फ्रेमवर्कचे ॲसेट फंक्शन वापरा.

जुने पत्ते

जुना प्रत्येक पत्ता ३०१ (‘कायमचा हलवला’) या कोडने नव्याकडे वळवा, आणि थेट वळवा. मध्ये दोन-तीन टप्पे नकोत. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतात, म्हणून चाचणी करताना ३०२ (‘तात्पुरता हलवला’) वापरा आणि खात्री पटल्यावर बदला. फॉर्मच्या पत्त्यांवर विशेष लक्ष ठेवा: ३०१ नंतर ब्राउझर पोस्टचे गेट करतात आणि भरलेली माहिती हरवते. जँगो शेवटची तिरपी रेघ आपोआप जोडते तेव्हाही हेच घडते. डिबग चालू असेल तर ते एरर देऊन सावध करते, प्रत्यक्ष साइटवर मात्र गप्प राहते. पोस्टसारखी मूळ पद्धत टिकवून कायमचे वळवायचे असेल तर ३०८ हा कोड आहे.

तपासणी

रेल्समध्ये `राउट्स` आणि लाराव्हेलमध्ये `राउट:लिस्ट` ही आज्ञा सगळे राउट छापते. ती यादी पहिल्या कागदाशी ताडून पाहा. मग कर्ल या कमांड लाइनच्या साधनाने फक्त हेडर (उत्तराचा माहितीचा भाग) मागवून प्रत्येक जुन्या पत्त्याचा स्टेटस कोड बघा. शेवटी मुद्दाम एक अस्तित्वात नसलेला पत्ता टाका. ‘पान सापडले नाही’ असा मजकूर दिसला म्हणून थांबू नका, कोडही ४०४ च यायला हवा. सगळ्या विनंत्या एकाच फाइलकडे वळवलेल्या सिंगल-पेज ॲपमध्ये तो हटकून २०० येतो आणि सर्च इंजिन अशी रिकामी पानेही खरी समजून बसते. तिथे सर्व्हरला खऱ्या राउटची यादी द्यावी लागते, किंवा निदान त्या पानावर नो-इंडेक्सचा (सर्च इंजिनने नोंद घेऊ नये असे सांगणारा) मेटा टॅग तरी घालावा लागतो.